कारण काय लिहू?

गेल्या हिवाळ्यात तुर्भ्याच्या वस्तीतल्या आमच्या एका बचत गटाने ठरवलं की व्याजाच्या आणि दंडाच्या जमलेल्या पैशांतून सगळ्याजणींनी एक दिवस घारापुरीला जाऊन यायचं. गटात तेवीसजणी आहेत. बहुतेकजणी वाशी-सानपाड्यात घरकामाला जातात, काही मार्केटात कांदा-लसूण निवडतात, दोघींची वडापावची गाडी आहे. निम्म्याहून अधिक बायका वीस वर्षांपासून नवी मुंबईत राहतात, पण गेटवेची बोट त्यांनी फक्त सिनेमात पाहिलेली.

गटाला बाहेर न्यायचं तर आमच्या संस्थेत एक छापील फॉर्म भरावा लागतो. दिनांक, ठिकाण, महिलांची संख्या, आणि चौथा रकाना, 'प्रवासाचे कारण'. खरं कारण एका शब्दाचं होतं, फिरायला. मी लिहिलं, 'अभ्यासदौरा : बेटावरील महिलांच्या उपजीविकेचे प्रश्न'. लगेच सही झाली.

मैत्रिणींनो, हा लेख त्या चौथ्या रकान्याबद्दल आहे. असं खोटं मी पहिल्यांदा लिहिलेलं नाही. तुमच्यापैकीही अनेकींनी आपापल्या अहवालांत हेच केलं असणार. सहल म्हटलं की पैसे मिळत नाहीत, म्हणून आपण 'क्षेत्रभेट' म्हणतो, 'प्रशिक्षण' म्हणतो. मला ही एक साधी, कोणाचं काही न बिघडवणारी युक्ती वाटत होती. घारापुरीहून परत आल्यावर तसं वाटत नाही. बाईला कारण न देता प्रवास करता आला पाहिजे, आणि तिच्यासाठी सोयीची कारणं रचून आपण चळवळीतल्या बायकाच तिचा हा हक्क बुडवतो आहोत, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

तेवीसमधल्या चौदा

ठरल्यापासून निघेपर्यंत तीन आठवडे गेले. ते सगळे परवानग्यांमध्ये गेले. एकीने नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला आईला विचार. सासू म्हणाली, मला काय विचारतेस, त्यालाच विचार. एकीला तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने 'नाही' सांगितलं. जन्म दिलेल्या मुलाने! एका विधवा बाईच्या घरात अडवणारं कोणीच नव्हतं. ती म्हणाली, "ताई, गल्लीतली लोकं काय म्हणतील? नवरा जाऊन दोन वर्षं नाही झाली आणि ही बोटीत बसून फिरते."

एका नवऱ्याने १८ डिसेंबर २०२४ ची आठवण काढली. त्या दिवशी नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा माणसं गेली. ही भीती खोटी नाही. आम्हीही लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोट सुटू दिली नाही. पण हेच गृहस्थ दरवर्षी थर्टीफर्स्टला मित्रांबरोबर अलिबागला जातात, भाऊच्या धक्क्यावरून, बोटीनेच. तेव्हा समुद्राची भीती कुठे जाते?

मग कामावरच्या सुट्टीचा प्रश्न. लेणी सोमवारी बंद असतात. घरकामाच्या बायांना रविवार मिळत नाही, उलट त्या दिवशी कामाच्या घरी पाहुणे असतात. म्हणून गुरुवार ठरला. एकीने सांगितलं गावाला मयत झालीय. दुसरीने सांगितलं पोराला दवाखान्यात न्यायचंय. 'फिरायला जातेय' असं खरं सांगणारी एकच निघाली, आणि तिचा त्या दिवसाचा पगार कापला गेला. मयतवालीचा कापला नाही. म्हणजे दुःखासाठी बाईला सुट्टी आहे, आनंदासाठी नाही.

अखेर तुर्भ्याहून वाशी आणि वाशीहून हार्बर लाइनने सीएसएमटीला निघालो तेव्हा आम्ही चौदाजणी होतो.

सौदी अरेबियात २०१९ च्या ऑगस्टपर्यंत बाईला पुरुष पालकाच्या संमतीशिवाय पासपोर्ट मिळत नसे. ही बातमी आपल्याकडे वरच्या पट्टीत वाचली गेली, 'बघा तिकडे कसं आहे!' आपल्याकडे असा कायदा नाही. संविधानाच्या १९ व्या कलमाने देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. तरीही तुर्भ्याच्या एका गल्लीत तेवीसजणींना एकेक पालक सापडलाच, कोणाला नवरा, कोणाला मुलगा, कोणाला गल्ली.

फिरस्ता आणि भटकभवानी

आपली भाषाच पाहा. घरातून निघून देशोदेशी हिंडणाऱ्या पुरुषाला आपण 'फिरस्ता' म्हणतो, 'मुशाफिर' म्हणतो, आणि त्यात कौतुक असतं. तेच बाईने केलं तर ती 'भटकभवानी', 'उंडगी', 'पाय घरात ठरत नाही' अशी. देशाटनाने शहाणपण येतं हे मुलामुलींनी शाळेत एकाच बाकावर बसून पाठ केलेलं असतं. त्यातली निम्मी मुलं पुढे देशाटनाला जातात आणि निम्म्या मुली त्यांचे डबे भरून देतात.

बायका प्रवास करत नव्हत्या असं मात्र नाही. माहेरी जात होत्या, बाळंतपणाला जात होत्या, बारशाला, मयतीला, दुष्काळात गाव सोडून खडीच्या कामावर. आणि देवाला जात होत्या. आषाढीच्या वारीत डोक्यावर तुळशी वृंदावन घेऊन चालणाऱ्या बायकांची रांग आपण दरवर्षी पाहतो. त्यांच्या भक्तीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण या बायकांशी बोलून पाहा. विठोबाइतक्याच ओढीने त्या वाटेवरच्या मोकळेपणाबद्दल सांगतात, चुलीपासून सुटलेल्या दिवसांबद्दल, जोडीने चालणाऱ्या मैत्रिणींबद्दल. देवाचं नाव घेतलं की उंबरठा ओलांडता येतो, हे आपल्या आज्या-पणज्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती.

कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला निघण्याआधी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी या मुलीला बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात जाहीर सभेसमोर उभं राहून आपण का जातो याचा खुलासा करावा लागला. तेव्हा तिला अठरावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. एकटी का जातेस, धर्माचं काय, इथेच का शिकत नाहीस, या सगळ्यांची उत्तरं तिने दिली. एप्रिलमध्ये ती बोटीत बसली. तिच्या धैर्याचे गोडवे आपण गातो, ते योग्यच आहे. पण त्याच काळात विलायतेला शिकायला जाणाऱ्या किती तरुणांना आपण का जातो हे सभेत असं पटवून द्यावं लागलं? समुद्र ओलांडल्याबद्दल प्रायश्चित्त त्यांनाही पडे, पण 'तुला जायचंच कशाला?' हा सवाल बाईसाठी राखून ठेवलेला होता.

मुंबईच्या रस्त्यांवर आजही तेच चालू असल्याचं शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' या २०११ सालच्या पुस्तकात दाखवलं. बाई सार्वजनिक जागी असते ती काहीतरी काम असल्याचं दाखवत. हातात पिशवी, कानाला फोन, पावलांत घाई. नुसतं उभं राहण्याची तिला मुभा नाही. नाक्यावरची ही गोष्ट गावाबाहेर पडताना शंभर पटीने खरी होते.

"आता तर बायका सगळीकडे जातात!"

हे वाक्य मला वाशीतल्या एका सुशिक्षित बैठकीत ऐकावं लागलं. त्यात तथ्य आहेच. फक्त महिलांसाठीच्या सहली निघतात, युरोपला जातात, विमानभर मराठी बायका हसतखेळत जातात. मीना प्रभूंनी लंडनपासून चीन, इजिप्त, तुर्कस्तानपर्यंत हिंडून मराठीत पुस्तकांची रांग लावली. २०२५ साली त्या गेल्या तेव्हा अनेक घरांतल्या बायकांना आपलं जवळचं माणूस गेल्यासारखं वाटलं. त्या पुस्तकांनी आमच्यासारख्यांना जग दाखवलं हे मी कृतज्ञतेने सांगते.

पण या विमानात कोण बसतं? ८ ऑक्टोबर २०२५ ला आमच्या उलव्याजवळच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. पहिल्याच टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे म्हणतात. त्या विमानतळासाठी दहा गावं उठली. त्यातल्या एका गावच्या आजी आता पुनर्वसनाच्या प्लॉटवर सुनेच्या घरात राहतात. मी त्यांना विचारलं, "आजी, तुम्ही आयुष्यात कुठे कुठे फिरलात?" त्यांनी आधी माहेरचं गाव सांगितलं, मग एकविरा, जेजुरी. थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "आन मग घर मोडला तवा टेंपोन बसून हकरं आलू. एवराच माजा परवास." डोक्यावरून विमान गेलं तेव्हा त्यांनी वर पाहिलंही नाही.

आता त्यांना पैशाची अडचण आहे असं कोणी म्हणेल. ती आहेच. म्हणून तर १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या सर्व गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा आम्हाला आनंद झाला. त्यानंतर काय ऐकू आलं ते आठवा. 'बायका उगाच फिरायला लागल्या.' 'गाडीत पुरुषांना जागा मिळेना.' 'बहिणीकडे काय, जाऊबाईकडे काय, रोज निघाल्या पिशव्या घेऊन.' कर्नाटकात जून २०२३ मध्ये बायकांचा बसप्रवास मोफत झाला, तिथेही हेच विनोद. सवलतीची रक्कम सरकारने एसटीला भरून द्यायची असते, पण तोट्याचं खापर पिशवीवाल्या बाईवर फुटतं. आणि समजा ती उगाच फिरते, तर? पुरुष एसटीत बसतो तेव्हा तो दर वेळी राष्ट्रकार्याला निघालेला असतो का? त्याच्या 'उगाच'चा हिशोब आजवर कोणी मांडला?

पैशाच्या पुढची अडचण वेळेची. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. आमच्या चौदाजणी त्या गुरुवारी पहाटे साडेतीनला उठल्या होत्या. दोन वेळचा स्वयंपाक करून, पाणी भरून, पोरांचे गणवेश काढून ठेवून त्या सातला स्टेशनवर आल्या. एक दिवस बाहेर पडायचं तर बाईला तो दिवस आधी घरात राबून विकत घ्यावा लागतो.

आणि तिसरी अडचण आपण जाहीरपणे बोलत नाही ती, लघवीची. सकाळपासून एकीनेही पाणी प्यायलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "बोटीत कुठे जाणार ताई?" एसटीच्या लांबच्या प्रवासातही हेच. तहान मारून प्रवास करणं हे बायकांच्या इतकं अंगवळणी पडलंय की त्याची तक्रारसुद्धा कोणी करत नाही.

डोक्यावरचे हंडे

तासाभरात बोट घारापुरीला लागली. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत. बेटावर शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशा तीन वस्त्या. जगभरातून लोक येऊन त्रिमूर्ती पाहून गेले, पण इथल्या घरांत समुद्राखालच्या केबलने वीज पोचली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. पाहुण्यांसाठी वारसा असलेलं गाव बायकांसाठी इतकी वर्षं कंदिलाचं गाव होतं.

पायऱ्या चढताना नऊवारी नेसलेल्या, डोक्यावर चकचकीत हंड्यांची उतरंड घेतलेल्या बायका उभ्या असतात. त्यांच्याबरोबर फोटो काढायचा तर पैसे द्यावे लागतात. परदेशी पाहुणे हौसेने काढतात. हीच ती 'स्थानिक संस्कृती'. आमच्यातल्या एकीनेही मोबाइल बाहेर काढला. दुसरीने मात्र जवळ जाऊन विचारलं, "ताई, हंडे रिकामेच का?" ती बाई हसून म्हणाली, "भरलेले दिवसभर कोण धरंल? भरलेले सकाळी घरी आणायचे असतात." मग दोघी तिथेच पायरीवर टेकल्या. पाणी किती लांबून, किती खेपा, पोरं शाळेला कुठे, यावर अर्धा तास बोलणं झालं. आमच्यापैकी कोणीतरी विचारलं, "तुम्ही कुठे जाता फिरायला?" तिने आश्चर्याने पाहिलं. "आमी? सीझनला धंदा सोडवत नाय, पावसात बोटीचा भरवसा नाय."

मैत्रिणींनो, यावर थोडं थांबून विचार करा. जिला पाहायला माणसं सातासमुद्रापलीकडून येतात तिला खाडी ओलांडून एक दिवस मजेत घालवता येत नाही. ही एका बेटाची गोष्ट नाही. म्यानमारमधून पळून आलेल्या कयान जमातीच्या, गळ्यात पितळी कडी घालणाऱ्या बायकांना पाहायला उत्तर थायलंडमधल्या वस्त्यांत पर्यटक पैसे मोजून जातात. त्यांच्यातल्या काहींना न्यूझीलंडसारख्या देशात कायमचं जाऊन राहायची संधी आली, तेव्हा त्यांना थायलंड सोडायची परवानगी मिळेना. २००८ साली यावर जगभर आवाज उठला. पर्यटकांनी यायचं, पाहायचं, जायचं, आणि ज्या बाईला पाहायचं तिने मात्र जागच्या जागी राहायचं.

आमच्या नवी मुंबईत तरी वेगळं काय? १९७० साली सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेतल्या गेल्या. योग्य मोबदल्यासाठी लढताना १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं हुतात्मा झाली. आज त्याच गावांतल्या मुली महोत्सवांत, हॉटेलांत, पाहुण्यांच्या स्वागताला पारंपरिक लुगडं आणि दागिने घालून नाचतात. नाच सुंदर आहे, त्यांचा आहे, त्यांनी नाचावं. पण मासळीबाजारातल्या ओट्यासाठी त्यांच्या आया भांडतात तेव्हा हीच संस्कृती 'घाण' आणि 'वास' कशी होते? संस्कृती म्हणून जिचा गौरव करायचा तिचं जगणं मात्र कोणाला नको असतं.

म्हणून आपल्या प्रवासाची रीत आपल्याला वेगळी ठेवावी लागेल. याचा वस्तुपाठ पंडिता रमाबाईंनी कधीच घालून दिला आहे. लहानपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थयात्रेत त्या भारतभर पायी हिंडल्या. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले तरी भावाबरोबर चालत राहिल्या. पुढे इंग्लंड आणि अमेरिका पाहून १८८९ साली त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर आणि आपल्या प्रवासावर मराठीत पुस्तक लिहिलं. त्यात देखावे आहेतच, पण सर्वांत मोठं प्रकरण तिथल्या बायकांच्या स्थितीबद्दल आहे. परक्या मुलखात गेल्यावर तिथल्या बायका कशा जगतात हे त्यांनी आधी विचारलं. आमच्या त्या घरकाम करणाऱ्या मैत्रिणीने रमाबाईंचं नावही ऐकलेलं नाही, पण 'हंडे रिकामेच का?' असं विचारून तिने तेच केलं.

"अभ्यासदौऱ्यात काय शिकलीस?"

लेण्यात बायका खूप वेळ रेंगाळल्या. अर्धनारीश्वरासमोर उभी राहून एक म्हणाली, "देवाला अर्धी बाई व्हायला चालतं, आमच्या घरातल्याला अर्धी पोळी लाटायला चालत नाही." परतीच्या बोटीत गाणी झाली. वस्तीत पोचायला साडेआठ वाजले.

त्या रात्री चौदापैकी एकीला नवऱ्याने मारलं.

आम्ही घरोघर एक पत्र दिलं होतं, घरच्यांची खात्री पटावी म्हणून. त्यावर मी रचलेलं कारण छापलेलं होतं. नवऱ्याने ते पत्र तिच्यासमोर धरलं आणि विचारलं, "अभ्यासदौरा ना? सांग काय शिकलीस." ती म्हणाली, "समुद्र पाहिला, लेणी पाहिली." त्याने थोबाडीत दिली. खोटं बोलून उंडारायला गेली, असं त्याचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी तिचा सुजलेला गाल पाहून मला काय वाटलं ते इथे लिहित नाही. पण एक गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात शिरली. मारायला त्याला पत्राची गरज नव्हती, मारण्याचा दोष त्याचाच आहे. पण ज्या कारणाने तिचं रक्षण होईल असं मला वाटलं होतं, त्याच कारणाने त्याला हिशोब मागायची सोय करून दिली. कारण दिलं की ते तपासायचा अधिकार समोरच्याला मिळतो. आज 'अभ्यास' म्हटलं, उद्या तो वही मागणार. देवाला जाते म्हटलं की प्रसाद दाखवावा लागणार. कारणांची ही यादी कितीही लांबवली तरी बाईचा दिवस तिच्या मालकीचा होत नाही.

पोलिसात जायचं नाही असं तिने ठरवलं. तो तिचा निर्णय होता. संध्याकाळी गटातल्या सगळ्याजणी तिच्या दारात जाऊन बसल्या, न आलेल्या नऊजणींसुद्धा. मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, तेवढ्यात गटातल्या सर्वांत वयस्क मावशींनी मला हाताने थांबवलं. त्या त्याला म्हणाल्या, "अभ्यासबिभ्यास काही नव्हता. आम्ही फिरायला गेलो होतो. ही आमच्याबरोबर होती. पुढच्या वेळीही येणार. हात उचललास तर आम्ही पुन्हा येऊन बसू." एम. एस. डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला हे वाक्य कोणी शिकवलं नव्हतं.

आधी पोटाचं बघा?

आपल्यातल्याच काही जुन्या कार्यकर्त्या विचारतील, बायका मार खातायत, मजुरी बुडतेय, रेशन मिळत नाही आणि तुम्ही सहलींचं काय घेऊन बसलात? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. उत्तर द्यायला माझ्याकडे एक प्रसंग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतली एक बाई मार चुकवून दोन मुलांना घेऊन रात्री घराबाहेर पडली. बहीण कुर्डुवाडीला होती. पण ती एकटी कधी स्टेशनपलीकडे गेलेली नव्हती. गाडी कुठून सुटते, तिकीट कसं काढतात, काही ठाऊक नाही. पहाटेपर्यंत वाशी स्टेशनवर बसली आणि उजाडल्यावर त्याच घरी परत गेली. प्रवासाची सवय नसणं किती महाग पडतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

पण बघा, मीही पुन्हा कारणच देऊ लागले! फिरणं उपयोगाचं आहे म्हणून फिरू द्या, असं. उपयोग आहेच. तरी आपली मागणी उपयोगावर उभी राहता कामा नये. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं २४ वं कलम विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येक माणसाचा हक्क मानतं. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' या अर्थाने वाचता येणारे शब्द होते, तिथे 'सर्व मानव' असे शब्द यावेत म्हणून भारताच्या हंसा मेहता झगडल्या आणि ते बदलून घेतले. स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९३ साली शिक्कामोर्तब केलं, त्याच्या १३ व्या कलमात करमणुकीत भाग घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. मजुरीच्या प्रश्नात फुरसतीचा प्रश्न येतोच. आठ तासांच्या दिवसासाठी कामगार लढले ते उरलेले तास आपले असावेत म्हणूनच ना?

तेव्हा माझं सांगणं असं. घरकामगार बायांना आठवड्याची भरपगारी सुट्टी कायद्याने मिळाली पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या १८९ व्या ठरावाने त्यांना आठवड्यात सलग चोवीस तासांची विश्रांती मान्य केली आहे. भारताने त्या ठरावाला संमती दिलेली नाही, ती द्यावी म्हणून आपल्या संघटनांनी पुन्हा नेट लावायला हवा. एसटीच्या अर्ध्या तिकिटाला कोणी भीक म्हणत असेल तर तिथल्या तिथे उत्तर द्या, आणि प्रत्येक स्थानकावर, प्रत्येक जेटीवर पाणी असलेलं, कडी लागणारं, फुकट वापरता येणारं स्वच्छतागृह मागा. फिरायला जाल तिथे बाईचा फोटो काढण्याआधी तिच्याशी बोला, आणि ती पैसे मागत असेल तर कटकट न करता द्या, ती तिची मजुरी आहे.

आणि सर्वांत आधी आपल्या फॉर्मवरचं खोटं थांबवा. देणगीदार काय म्हणतील याची भीती मलाही आहे. पण नवऱ्याला, सासूला, गल्लीला न घाबरता सांग, असं वस्तीतल्या बाईला आपण कोणत्या तोंडाने सांगायचं, जर आपल्यालाच एका रकान्यात खरा शब्द लिहवत नसेल?

नेरुळहून उरणला आता लोकल जाते, जानेवारी २०२४ पासून. आमचा गट पुढच्या महिन्यात त्या गाडीने उरणच्या समुद्रावर जाणार आहे. मार खाल्लेलीने सर्वांत आधी नाव दिलंय, आणि या वेळी तेवीसमधल्या एकोणीसजणी येतायत. चौथ्या रकान्यात मी 'फिरायला' लिहून फॉर्म कार्यालयात दिला. अजून सही झालेली नाही. तुमच्या गटात यावर काय चर्चा होते ते जरूर कळवा. सही झाली नाही तरी आम्ही जाणार आहोत, तिकिटाचे पैसे बायकांनी बाजूला काढून ठेवलेत.